विश्लेषण : ज्वारी, ऊस, यीस्ट आणि माणूस... सगळ्यांत वाढीचे एकच जनुक कसे? त्याने पीक वाढेल का?

‘उत्पादन वाढवणारे जनुक सापडले’ अशी बातमी वर्षातून दोन-चारदा तरी येते. ती वाचून शेतकऱ्याच्या मनात येणारा प्रश्न साधा असतो : माझ्या शेतात याचा उपयोग कधी? अशा बातम्यांमागच्या संशोधनात वारंवार येणारे एक नाव म्हणजे ‘टॉर’. हे जनुक भातात आहे, ज्वारीत आहे, उसात आहे, चाकणच्या बाजारात येणाऱ्या कांद्या-बटाट्यात आहे आणि ते खाणाऱ्या माणसातही आहे. कोट्यवधी वर्षांत सजीवांची रूपे बदलली, पण या जनुकाचा गाभा फारसा बदलला नाही. हे साम्य शेतीसाठी मोठी संधी आहे. मात्र त्यातून निघणारा ‘जनुक वाढवा, पीक वाढवा’ हा सोपा निष्कर्ष टिकणारा नाही. असे का, आणि महाराष्ट्राने यातून काय घ्यावे, याचा हा आढावा...

‘टॉर’ म्हणजे नेमके काय?

टॉर हे एक कायनेज आहे. पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा छोटा तुकडा चिकटवणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. हा तुकडा चिकटला की प्रथिनाचे काम सुरू होते, थांबते किंवा त्याची दिशा बदलते. पेशीत अशी शेकडो कायनेज असतात. त्यांत टॉरचा हुद्दा वरचा आहे. पेशीत साखर किती आहे, नत्र पुरेसे आहे का, ऊर्जा शिल्लक आहे का, या सगळ्याचा अंदाज टॉरपर्यंत पोहोचतो. परिस्थिती अनुकूल असेल तर टॉर नवी प्रथिने तयार करण्याचा आणि पेशी वाढवण्याचा हुकूम सोडते. परिस्थिती बिघडली की टॉर शांत होते आणि पेशी जुने, निकामी भाग मोडून त्यातून गरज भागवू लागते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे काम ओळखीचे वाटेल. प्रत्येक मोठ्या कारखान्यात उत्पादन नियोजनाचा एक विभाग असतो. कच्चा माल किती, वीज आहे का, ऑर्डर किती, हे पाहून तो लाइन किती वेगाने चालवायची ते ठरवतो. स्वतः एकही सुटा भाग बनवत नाही, पण त्याच्याशिवाय एकही भाग वेळेवर बनत नाही. टॉर हा पेशीचा असा विभाग आहे.

घरातले उदाहरण द्यायचे तर मोड आलेल्या मटकीचे देता येईल. फडक्यात, अंधारात बांधलेल्या मटकीला लांबलचक मोड येतात. पण तिची पाने उघडत नाहीत. बियांत साठवलेल्या शिदोरीवर ती फक्त उजेडाच्या दिशेने लांबत राहते. उजेड मिळाला, पाने हिरवी झाली आणि स्वतःची साखर बनू लागली की मुळांची आणि शेंड्याची खरी वाढ सुरू होते. साखरेचा हा संदेश टॉरमार्फतच मुळांच्या टोकांतल्या पेशींना जागे करतो, हे २०१३ मध्ये अराबिडॉप्सिस या छोट्या रोपावरच्या संशोधनातून दिसले.

शोध कुठून सुरू झाला?

शोधाची सुरुवात शेतात झाली नाही. ती एका बेटावरच्या मातीत झाली. १९६४ च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. स्थानिक भाषेत या बेटाचे नाव रापा नुई. तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यांतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत बुरशी मारणारे एक द्रव्य मिळाले. बेटावरून त्याला ‘रापामायसिन’ नाव पडले. १९७५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या कामात सुरेन सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले शास्त्रज्ञ प्रमुख होते. १९८३ मध्ये कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगल यांनी हा जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला आणि पुढे संशोधन पुन्हा सुरू करवून घेतले. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे औषध म्हणून रापामायसिनला मान्यता मिळाली. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या अनेक स्टेंटवर याच औषधाचा लेप असतो.

बुरशी मारणारे द्रव्य माणसाच्या पेशींची वाढही रोखते, याचा अर्थ बुरशीत आणि माणसात कुठेतरी एकच कळ असली पाहिजे. ती कळ १९९१ मध्ये सापडली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रापामायसिनला दाद न देणाऱ्या यीस्टचा अभ्यास केला. अशा यीस्टमध्ये दोन जनुके बदललेली होती. रापामायसिनचे लक्ष्य, इंग्रजीत ‘टार्गेट ऑफ रापामायसिन’, म्हणून त्यांना टॉर-१ आणि टॉर-२ असे म्हटले गेले. पुढच्या तीन वर्षांत माणसासह सस्तन प्राण्यांतही त्याच घडणीचे प्रथिन सापडले.

पिंपरीच्या हॅमायसिनशी त्याची तुलना का?

मातीतला स्ट्रेप्टोमायसिस, त्यापासून बुरशीनाशक, आणि गावाच्या नावावरून नाव, हा क्रम पिंपरी-चिंचवडला नवा नाही. पिंपरीत १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिन बनवणे हे तिचे पहिले काम. तिथेच एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. त्याच दशकात याच संस्थेतून पिकांवरच्या बुरशीसाठी ‘ऑरिओफंजिन’ही आले.

हॅमायसिन आणि रापामायसिन एकाच कुळातल्या जिवाणूंची देणगी असली, तरी दोघांची काम करण्याची रीत उलट आहे. हॅमायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या घटकावर घाव घालते. हा घटक माणसाच्या पेशींत नसतो. तिथे कोलेस्टेरॉल असते. म्हणजे हे औषध बुरशी आणि माणूस यांच्यातल्या फरकाचा फायदा घेते. रापामायसिन नेमके साम्यावर बोट ठेवते. म्हणूनच पहिले बुरशीनाशक म्हणूनच राहिले, तर दुसऱ्याने जीवशास्त्राला एक मोठे दार उघडून दिले. कोणत्या सजीवांत काय वेगळे आहे हे औषध शोधणाऱ्याला हवे असते. काय सारखे आहे हे कळले, तर एका सजीवावर शिकलेले दुसऱ्यावर वापरता येते. शेतीसाठी महत्त्वाचा आहे तो हा दुसरा भाग.

वनस्पतींमध्येही टॉर आहे हे कसे कळले?

इथे एक अडथळा होता. यीस्टची वाढ रोखणारे रापामायसिन अराबिडॉप्सिससारख्या रोपांवर जवळजवळ निष्प्रभ ठरत होते. त्यामुळे वनस्पतींत टॉर नसावे किंवा ते वेगळे असावे, असे वाटण्याला जागा होती. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले छोटे तण. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००० मध्ये वाचला गेला आणि त्यात टॉरचे एक जनुक दिसले. २००२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ते जनुक बंद पाडून पाहिले. अशा झाडाच्या शेंगेत चारातले सुमारे एक बी गर्भावस्थेतच थांबले. ज्या बियांत टॉरची एकही धड प्रत नव्हती, त्यांची रोपे झालीच नाहीत.

मग रापामायसिनचा परिणाम का होत नव्हता? रापामायसिन एकटे टॉरला पकडू शकत नाही. त्याला एफकेबीपी-१२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा हात लागतो. अराबिडॉप्सिसमध्ये या मदतनीस प्रथिनाची घडण बदललेली आहे, म्हणून पकड बसत नाही. यीस्टचे किंवा माणसाचे मदतनीस प्रथिन रोपात घातले की तेच रोप रापामायसिनला बळी पडते. पाण्यात राहणारे क्लॅमिडोमोनास हे हिरवे शैवाल मात्र मुळातच रापामायसिनने रोखले जाते. जमिनीवरच्या झाडांची मुळे अशी द्रव्ये सोडणाऱ्या जिवाणूंच्या शेजारीच वाढतात, त्यामुळे त्यांच्यात मदतनीस बदलला असावा, असा एक तर्क आहे. बदल झाला तो शेजारच्या प्रथिनात. टॉर होते तसेच राहिले.

इतकी वर्षे हे जनुक बदलले का नाही?

वनस्पती, बुरशी आणि प्राणी यांचे समान पूर्वज सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. मोहरी आणि ज्वारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्याला सुमारे पंधरा कोटी वर्षे झाली. एवढ्या काळात टॉरमध्ये चुका झाल्याच नाहीत असे नाही. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना चुका होतातच. पण टॉरच्या गाभ्यात चूक झालेले बी उगवलेच नाही, तर ती चूक पुढच्या पिढीत जाणार कशी? उत्क्रांतीत ‘टिकलेले जनुक’ म्हणजे ज्याच्यातले बहुतेक बदल गाळले गेले असे जनुक.

टॉर प्रथिन सुमारे अडीच हजार अमिनो आम्लांचे, म्हणजे पेशीतल्या मोठ्या प्रथिनांपैकी आहे. त्याच्या लांबीभर सगळीकडे सारखेपणा नाही. फॉस्फेट चिकटवणारा भाग सर्वांत जास्त जपलेला आहे, बाकी भागांत फरक चालले. वाहन उद्योगात एकाच प्लॅटफॉर्मवर तीन-चार मॉडेल निघतात. दिवे, सीट, बंपर बदलतात. पण इंजिन ज्या बोल्टवर बसते त्यांचे अंतर बदलायचे म्हटले तर पन्नास पुरवठादारांचे सुटे भाग बदलावे लागतात, म्हणून ते कुणी बदलत नाही. टॉरला जोडलेली प्रथिने इतकी आहेत, की त्याचे ‘बोल्ट’ हलवणे सजीवाला परवडत नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. मलेरियाच्या परजीवीत नेहमीच्या घडणीचे टॉर आढळत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्याला घरखर्चाचा हिशेब ठेवावा लागत नाही, असाच त्याचा अर्थ लावता येतो. स्वतःचे अन्न स्वतः बनवणाऱ्या झाडाला ती सवलत नाही.

टॉरचा जोडीदारही तितकाच जुना?

होय. टॉर वाढीचा हुकूम सोडते, तर तंगीच्या काळात काटकसरीचा हुकूम सोडणारे दुसरे कायनेज आहे. वनस्पतींत त्याला ‘स्नर्क-१’ म्हणतात. यीस्टमध्ये त्याचे भावंड ‘स्नफ-१’ आणि माणसात ‘एएमपीके’. ही भावंडे किती सारखी आहेत याचा पुरावा १९९१ मध्येच मिळाला. स्नफ-१ बिघडलेल्या यीस्टमध्ये राय या धान्याच्या दाण्यातले जनुक घातले, तर यीस्टचे काम पुन्हा सुरू झाले. धान्याच्या सुट्या भागाने बुरशीचे यंत्र चालले.

उजेड कमी झाला, पाणी तुटले, साखर संपत आली की स्नर्क-१ सक्रिय होते, साठवण मोडायला लावते आणि टॉरला आवर घालते. साखर भरपूर असताना ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा एक छोटा रेणू वाढतो आणि तो वाढत्या भागांत स्नर्क-१ ला गप्प करतो. झाडाचे आयुष्य या दोन हुकमांच्या ओढाताणीत जाते.

मग सगळ्या झाडांत सगळेच सारखे आहे का?

इथेच गडबड होते. हुकूम देणारा सारखा आहे, पण त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवणाऱ्या तारा सारख्या नाहीत. माणसात टॉर दोन वेगळ्या जुडग्यांत काम करते. वनस्पतींत त्यांपैकी एकच जुडगे आढळते. दुसऱ्यासाठी लागणारे ‘रिक्टर’ हे प्रथिन जमिनीवरच्या झाडांत नाही. माणसाच्या पेशीत अमिनो आम्लांची बातमी देणारी ‘रॅग’ प्रथिने आणि टॉरला आवरणारे ‘टीएससी’ हे जुडगेही झाडांत नाही.

त्याऐवजी झाडांनी आपल्या गरजेच्या तारा जोडल्या. पाणी तुटले की झाडात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, पानांवरची रंध्रे मिटतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पाणी पुरेसे असताना टॉर या संप्रेरकाच्या संवेदकांना झोपवून ठेवते, म्हणजे झाड विनाकारण घाबरत नाही. दुष्काळ आला की उलट होते. संप्रेरकामुळे जागी झालेली कायनेज टॉरच्या साथीदाराला फॉस्फेट चिकटवतात आणि वाढ थांबते. प्राण्यांत ही व्यवस्था नाही. पाणी संपले तर प्राणी चालत दुसरीकडे जातो, झाडाला जागेवरच निभवावे लागते.

ही तारजोडणी पिकागणिक, जातीगणिक बदलू शकते. कोणत्या क्षणी वाढ थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे प्रत्येक पिकाने आपापल्या जमिनीवर आणि पावसावर शिकलेले असते.

सोलापूरच्या ज्वारीत याचा अर्थ काय?

रब्बी ज्वारी हे याचे महाराष्ट्रातले सर्वांत स्पष्ट उदाहरण. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरली जाते. त्यानंतर पाऊस बहुधा नसतोच. भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक काढायचे असते. जानेवारी-फेब्रुवारीत दाणा भरत असताना ओल खोल खोल जात असते. पीक सुरुवातीलाच जोमाने वाढले आणि ओल लवकर संपवली, तर कणीस पोचट निघते. फार सावध राहिले, तर कणीसच लहान राहते.

मोहोळच्या केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात अनेक दशके या भागात टिकून आहे, ती याच तोलामुळे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मालदांडी निवडणाऱ्यांना टॉर ठाऊक नव्हते; तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हते. पण कोरड्या शेतात तग धरून दाणा भरणारी कणसे निवडताना ते नकळत वाढ आणि काटकसर यांच्यातला तोलच निवडत होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले वसुधा, फुले रेवती यांसारख्या जाती त्याच वाटेने पुढे आल्या.

ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला. तो बीटीएक्स-६२३ या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ज्वारीचा होता. त्यामुळे टॉर कुठे आहे ते लगेच सांगता येते. मालदांडीत ओल संपत असताना टॉरचा हुकूम नेमका कधी आणि कशाने थांबतो, याचे उत्तर मात्र त्या संगणकीय यादीत मिळत नाही. ते सोलापूरच्या शेतातच मोजावे लागेल.

जनुकाची मात्रा वाढवून उत्पादन वाढवता येईल का?

प्रयत्न झाले आहेत आणि ते आशादायक आहेत. २००७ मध्ये अराबिडॉप्सिसमध्ये टॉरची मात्रा वाढवली तेव्हा पाने मोठी झाली आणि बीही वाढले. मात्रा घटवली तेव्हा रोप खुरटले. २०१७ मध्ये हैदराबाद विद्यापीठ आणि भारतीय भात संशोधन संस्था यांच्याशी संबंधित संशोधकांनी अराबिडॉप्सिसचे टॉर जनुक भाताच्या सांबा मसुरी या जातीत घातले. काही वाणांत पाण्याचा वापर अधिक कार्यक्षम झाला आणि उत्पादनक्षमता वाढल्याचे दिसले. तणाचे जनुक भातात चालले, हाच त्याच्या टिकाऊपणाचा पुरावा. मात्र प्रयोगातले रोप आणि शेतातले पीक यांत अंतर आहे. शिवाय दुसऱ्या प्रजातीचे जनुक घातलेल्या पिकांपैकी भारतात आजवर कायदेशीर लागवड झाली ती बीटी कापसाचीच.

खुद्द टॉरला हात न लावणारे मार्ग अधिक पुढे गेलेले दिसतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट पानात शिरू शकेल असे रूप तयार केले. ते गव्हावर फवारल्यावर अर्जेंटिनातल्या शेतांत अनेक हंगामांच्या चाचण्यांत उत्पादन सरासरी सुमारे १० टक्के वाढल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे जनुक बदललेले नाही. दाणा भरण्याच्या ठरावीक काळात काटकसरीच्या हुकमाला थोडा वेळ थोपवले आहे. भारताने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या जनुक-संपादित भाताच्या दोन जातींचेही तसेच. ‘कमला’ या जातीत एका वाढ संप्रेरकाची विल्हेवाट लावणारे जनुक, तर ‘पुसा डीएसटी राइस-१’ मध्ये ताण सहन करण्याशी संबंधित जनुक संपादित केले आहे. दोन्ही ठिकाणी बदल केला तो खालच्या पातळीवरच्या एखाद्या तारेत.

हे योगायोगाने घडलेले नाही. ज्या जनुकातली प्रत्येक मोठी चूक निसर्गाने गाळून टाकली, त्याच्यात सुधारणेला फारशी जागा उरलेली नसते. टॉर सतत चालू ठेवले, तर झाड पाणी संपतानाही वाढत राहील अशी भीती आहे. रब्बी ज्वारीसाठी हा फायदा नव्हे, धोका आहे.

उसाचे काय?

उसात अडचण आणखी वेगळी. आजच्या लागवडीच्या उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या बऱ्याचदा आठ-दहा किंवा अधिक प्रती. त्याचा सविस्तर जनुकसंच २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यातच ऊस हे साखर साठवण्यासाठी निवडलेले पीक आहे. इतर पेशींना साखर म्हणजे ‘वाढा’ असा संदेश, तर उसाच्या कांड्यात भरपूर साखर असूनही पेशी वाढायच्या थांबतात आणि साठवत राहतात. कांड्यात हा संदेश कसा दाबला जातो, हा को-८६०३२ सारखी जात हेक्टरी लाखो रुपये खर्चून लावणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे. हा प्रश्न मोहरीच्या तणात सुटणार नाही, कारण त्या तणाला साखर साठवायचीच नसते.

मग महाराष्ट्राने काय करावे?

एक मत असे आहे, की मूलभूत संशोधन खर्चिक आहे. ते अमेरिका, युरोप, चीन करतीलच, आपण तयार तंत्रज्ञान घ्यावे. टॉरची कथा या मताला अर्धाच आधार देते. जे सारखे आहे ते खरोखर आयते मिळते. बाझलमध्ये यीस्टवर आणि फ्रान्समध्ये तणावर झालेले काम सोलापूरच्या ज्वारीलाही लागू पडते, त्यासाठी पुन्हा पैसे घालवण्याची गरज नाही. पण जे वेगळे आहे, ते दुसरे कुणी शोधून देणार नाही. अर्जेंटिनाचा गहू अर्जेंटिनाच्या संशोधकांना जवळचा असतो. ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीत रस घेणारे जगात मोजके आहेत आणि त्यांतले बरेचसे महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणात आहेत.

यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, जिचा विषयच दुष्काळ आणि उष्णता आहे. सोलापूरला रब्बी ज्वारीचे केंद्र आहे, राहुरी आणि परभणीची कृषी विद्यापीठे आहेत, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहेत. एका बाजूला दशकानुदशकांच्या शेतातल्या नोंदी आणि दुसऱ्या बाजूला रेणू मोजणारी यंत्रे. या दोन्ही बाजू एकाच पिकावर, एकाच शेतात, पाच-सात हंगाम सलग काम करतील असा निधी हवा. तीन वर्षांच्या प्रकल्पात एक हंगाम अवकाळीने आणि एक मंजुरीच्या कागदांत गेला तर हाती काही लागत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांनाही यात जागा आहे. टॉरचा हुकूम कधी थांबला हे पाहायचे तर झाडाची वाढ, पानाचे तापमान, कुंडीचे वजन दर तासाला मोजावे लागते. हे काम वजनकाटे, सेन्सर, कॅमेरे आणि कंट्रोलर यांचे आहे, म्हणजे या पट्ट्यातल्या लघुउद्योगांचे रोजचे काम. आयात केलेली मापनयंत्रणा एखाद-दुसऱ्या संस्थेलाच परवडते. स्वस्त आणि दुरुस्त करता येईल अशी यंत्रणा इथे बनली, तर तालुक्याच्या संशोधन केंद्रातही ती बसेल.

शेतकऱ्याने सध्या काय लक्षात ठेवावे?

कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर वाढीची ‘टॉनिके’ ओळीने मांडलेली असतात. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश झाला, म्हणजे त्यांची नोंदणी आणि चाचणी अपेक्षित आहे. यापुढे बाटल्यांवर ‘जनुक सक्रिय करणारे’ अशी भाषा येणे अवघड नाही, आणि टॉर सगळ्या पिकांत असल्यामुळे ‘सर्व पिकांसाठी उपयुक्त’ असा दावाही शास्त्रीय वाटेल. अशा वेळी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. चाचणी कोणत्या पिकाच्या कोणत्या जातीवर झाली? ती बागायतीत झाली की जिरायतीत? आणि वाढ मोजली ती पानांची, उंचीची की वाळलेल्या दाण्याच्या वजनाची? हिरवेगार पीक पोचट निघू शकते, हे रब्बीच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

हेच प्रश्न सरकारी खर्चाने होणाऱ्या संशोधनालाही लागू पडतात. ‘जनुक सापडले’ या बातमीपेक्षा ‘मालदांडीवर, सोलापुरात, ओलीवर, सलग पाच हंगाम’ ही ओळ ज्या अहवालात असेल, त्याची बातमी मोठी व्हायला हवी.